विल्यासेरीनचा सत्ताविसावा कर्णा

विल्यासेरीन गावात काहीही हरवलं, मोडलं किंवा गळायला लागलं, की त्याचं खापर फ्रेंचांच्या डोक्यावर फुटतं. फ्रेंच सैन्य आमच्या गावातून गेलं त्याला दीडशे वर्षं होत आली आणि तेही एकच दिवस मुक्कामाला होतं. पण तेवढ्या वेळात त्यांनी चर्चमधला चांदीचा मुकुट नेला, वेशीजवळच्या विहिरीचं पाणी खारं केलं, नगरपालिकेच्या छताला भोक पाडलं आणि ऑर्गनचा एक कर्णा पळवला. एका दिवसात एवढी कामं उरकणारी माणसं लढाई कशी काय हरली, हे विचारायचं नसतं. विचारलं की लोक तुमच्याकडे तुम्हीच फ्रेंच असल्यासारखे बघतात.

त्या ऑर्गनचे भाते ओढायचं काम अबुंदिओकडे होतं. चौतीस वर्षं. ऑर्गन चर्चच्या डाव्या भिंतीवर, माणसाच्या दोन उंचींवर बसवलेला. त्याच्या पोटातून सत्तावीस कर्णे आडवे बाहेर आलेले, थेट लोकांच्या डोक्यांवर रोखलेले. म्हणजे भोकं सत्तावीस, कर्णे सव्वीस. मधल्या एका भोकात बूच. आणि या सगळ्याच्या मागे, एका अंधाऱ्या खोलीत, दोन भले मोठे चामड्याचे भाते आणि अबुंदिओ. उजव्या हाताने ओढून ओढून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं रुंद झाला होता. शिंपी त्याचा कोट शिवताना दोन माणसांची मापं घेतल्यासारखं करायचा.

डावा भाता जुना होता. मध्येच उसासा टाकायचा, कण्हायचा आणि अर्ध्यात अडून बसायचा. अबुंदिओ त्याला 'सासूबाई' म्हणायचा. सासूबाईंना नेमक्या वेळी गुडघ्याने ढोसावं लागे, नाही तर वर वाजणारा सूर थरथरायचा. ती नेमकी वेळ जगात फक्त अबुंदिओला माहीत होती आणि त्याचा त्याला अभिमान होता, असं म्हणणं म्हणजे कमीच झालं. दारूच्या गुत्त्यात एक पेला पोटात गेला की तो सुरू व्हायचा: "इहीनियो मास्तर काय, बोटं हलवतात. वारा माझा असतो!"

"वारा फुकट मिळतो, अबुंदिओ," त्याची बायको तेओदोसिया म्हणायची. "खिडकी उघड, हवा तेवढा घे."

आता गंमत बघा. या माणसाने चौतीस वर्षांत आपला ऑर्गन कधी समोरून ऐकला नव्हता. ऐकणार कसा? ऑर्गन वाजतोय म्हणजे हा मागे भाते ओढतोय, आणि हा खाली बाकावर बसलाय म्हणजे ऑर्गन मुका. मागच्या खोलीत त्याला ऐकू यायचं ते काय, तर लाकडांची खटखट, सासूबाईंचं कण्हणं आणि भिंतीपलीकडे शेजारी भांडत असावेत तसं काहीतरी. मास्तर दोरी ओढायचे, खोलीतली छोटी घंटा वाजायची. एकदा वाजली की सुरू, दोनदा वाजली की बंद. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर लोक म्हणायचे, "आज काय वाजला रे ऑर्गन!" आणि हा घाम पुसत म्हणायचा, "हो का?"

इहीनियो मास्तर म्हणजे वाळकं, घाबरट, पण बोटांत जादू असलेलं माणूस. ज्या सुराचा कर्णा नव्हता तो सूर आला, की मास्तर खोकायचे. रिकामी जागा ऐकू येऊ नये म्हणून बावीस वर्षं इमानदारीने खोकत होते. गावाला वाटायचं, खोकला चालीतच आहे. गावातली माणसं शेतात शिट्टीवर ती चाल वाजवायची, तीही त्या जागी खोकून.

एकोणीसशे छप्पन्न सालच्या ऑक्टोबरात पालेन्सियाहून, बिशपांच्या कचेरीतून पत्र आलं. गावच्या पाद्र्यांनी ते मिस्सेनंतर वाचून दाखवलं. जे ऑर्गन अपुरे, मोडके, वापरात नसलेले आहेत, ते उतरवून पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीच्या नव्या चॅपेलसाठी नेले जातील. त्या बदल्यात गावाला पायपेटी मिळेल. कॅथेड्रलचे संगीताचे प्रमुख, फादर प्राक्सेदेस, गावच्या संताच्या, म्हणजे सान मार्तीनच्या सणाला स्वतः येऊन ऑर्गन ऐकतील आणि तिथल्या तिथे निर्णय लिहून देतील.

अबुंदिओने मास्तरांना गाठलं. "पायपेटीचे भाते कुठे असतात?"

"खाली. वाजवणाराच पायाने मारतो."

"स्वतःच?" अबुंदिओने असा चेहरा केला, जणू कोणी भर चौकात आंघोळ करतो म्हणून सांगितलं. "स्वतःच्या पायांनी? आणि मग मी?"

अबुंदिओच्या पायाखालची जमीन सरकली. शेत पुतण्याला दिलेलं, पोटी मूल नाही, उजवा खांदा एका बाजूला ओढलेला. भाते गेले तर सकाळी उठून करायचं काय, तेओदोसियाच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरायचं? तिने पहिल्याच दिवशी हाकलला असता.

"कर्ण्यांची लढाई वाजवू," तो म्हणाला. ही आमची सणाची खास चाल. कर्णे एकमेकांना हाका मारतात, एक बाजू ललकारते, दुसरी उत्तर देते, लहान मुलं बाकाखाली लपतात.

"त्या लढाईत तो नसलेला सूर अकरा वेळा येतो, अबुंदिओ," मास्तर रडवेले झाले. "अकरा वेळा खोकलो तर फादर मला दवाखान्यात पाठवतील. त्यांना खोकला आणि सूर यातला फरक कळतो!"

"मेले ते फ्रेंच," अबुंदिओ म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

सान मार्तीनचा सण अकरा नोव्हेंबरला, आणि आमच्याकडे डुकरं कापायचे दिवसही तेच. एकीकडे चर्चची झाडलोट, दुसरीकडे घराघरांत परातीच्या पराती मांस. तेओदोसियाचं डुक्कर आठ तारखेला कापून झालं होतं. मांस बारीक चिरून, लसूण, मीठ आणि लाल तिखट लावून दोन दिवस मुरत ठेवलं होतं. धुतलेल्या आतड्यांत ते भरून चोरिसो करायचे, गाठी मारून धुरावर टांगायचे, की वर्षभराची ददात मिटली.

दहा तारखेला दुपारी अबुंदिओ फळीवरून सरपटत गेला आणि दरवर्षीप्रमाणे सव्वीस कर्णे फडक्याने पुसून काढले. एकेकाच्या तोंडात हात घालून कोळिष्टकं काढली. मधल्या बुचापाशी येऊन दरवर्षीप्रमाणे शिवी घातली, आणि घरी आला.

तेओदोसिया चोरिसो भरत बसली होती. मांडीवर परात, हातात तिच्या आजीचं ते प्रसिद्ध नरसाळं. तसं नरसाळं पंचक्रोशीत नव्हतं. हातभर लांब, तोंड रुंद, शेपूट निमुळतं, आणि आतून असं गुळगुळीत की मांस सरसर खाली उतरायचं. तेओदोसियाचे चोरिसो भरून झाले की ते घरोघरी फिरायचं. नाताळपर्यंत गावातल्या सगळ्या बायकांच्या हातांखालून जायचं. लग्न झाल्यापासून अठ्ठावीस वर्षं अबुंदिओ ते बघत होता. पण नेहमी उभं आणि मांसाने भरलेलं.

"पाय पूस!" तेओदोसिया ओरडली आणि हातातलं नरसाळं तिने दाराकडे, त्याच्या छातीवर रोखलं. आडवं.

अबुंदिओ उंबऱ्यातच थिजला. आत्ताच असली सव्वीस तोंडं पुसून तो आला होता.

"तेओदोसिया," तो म्हणाला, "हे काय आहे?"

"नरसाळं."

"कुठून आलं?"

"आजीचं."

"आजीकडे कुठून आलं?"

तेओदोसियाने एक गाठ मारली, दातांनी दोरा तोडला. "आजी चर्च झाडायची. एक दिवस वरून पडलं, तिच्या केरसुणीपुढे. तिने जपून ठेवलं. कुणी मागितलं तर देऊन टाक म्हणाली होती मला, मरताना."

"मग दिलं का नाहीस?"

"कुणी मागितलंच नाही."

"अगं, दर सान मार्तीनला मी याच टेबलाशी बसून फ्रेंचांच्या सात पिढ्या उद्धरतो! अठ्ठावीस वर्षं! आणि तू समोर बसून ऐकतेस?"

"तू फ्रेंचांना बोलत होतास. मला कुठे विचारलंस? आणि खरं सांगायचं तर, चोरिसो खाताना तुझी काही तक्रार नव्हती."

अबुंदिओने कपाळावर हात मारून घेतला. मग हात पुढे केला. "दे इकडे."

"अर्धं मांस परातीत आहे!"

"उद्या कर्णा नसला तर ऑर्गन जाईल."

"जाऊ दे. गाव काय म्हणेल, ते बघ. आजी चोर, मी चोर, आणि तू चोराघरचा जावई. फ्रेंच बरे की त्यापेक्षा! ते ऐकायला तरी इथे नाहीत."

यावर अबुंदिओने भांडायला हवं होतं. भांडण त्याला जमायचंही. पण तो नुसता स्टुलावर बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाला, "भाते गेले तर मी कोण गं?" इतकंच. तेओदोसियाने परात मांडीवरून खाली ठेवली. मग नरसाळ्यातलं मांस तिने बोटाने निपटून काढलं.

"मिस्सा संपली की लगेच परत आण. मांस आंबलं तर तुझ्याशी गाठ आहे. आणि गरम पाण्याने, व्हिनेगर घालून धू. ऐकतोयस ना? गरम पाण्याने."

अबुंदिओने विहिरीच्या गार पाण्याने धुतलं. पुरुषमाणूस!

उजाडता उजाडता तो फळीवर चढला, मधलं बूच उपटलं आणि कर्ण्याचं शेपूट भोकात सारलं. खटकन बसलं, जणू कालच काढलं होतं. वाजवून बघायची सोय नव्हती. एकाच वेळी भाते ओढायला आणि पट्टी दाबायला चार हात लागतात. मास्तर आले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मास्तर, आज खोकू नका."

"म्हणजे?"

"खोकू नका. आणखी काही विचारू नका."

फादर प्राक्सेदेस मिस्सेला आले. जाडजूड, लाल गालांचे, कपाळावर आठ्या असलेले गृहस्थ. गावच्या पाद्र्यांनी त्यांची खुर्ची मोठ्या अदबीने ऑर्गनच्या बरोबर खाली मांडली होती, पुढ्यात छोटं टेबल, टेबलावर दौत आणि निर्णयाचा कागद. सणाचं म्हणून कर्ण्यांसमोरचं मोठं झुंबर लावलेलं, साठ मेणबत्त्या. कर्ण्यांच्या तोंडावर सकाळपासून त्यांची ऊब लागत होती. मिस्सा संपली, कोणीही जागचं हललं नाही, मागच्या खोलीत घंटा एकदा वाजली, आणि अबुंदिओने भाते ओढले.

लढाई सुरू झाली. डावीकडचे कर्णे ललकारले, उजवीकडचे गरजले. मग तो सूर आला. सगळ्या गावाने सवयीने श्वास रोखला, काही जणांनी तर खोकायला तोंडही उघडलं. आणि वरून खोकल्याऐवजी सूर निघाला. थोडा जाडसर, सर्दी झाल्यासारखा, पण सूर! लोक एकमेकांकडे बघायला लागले. फादरांच्या कपाळावरची एक आठी कमी झाली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तो सूर वाजला, आणि चौथ्यांदा त्या कर्ण्याच्या ओठावरून एक लालभडक थेंब सुटला आणि टप्प करून निर्णयाच्या कागदावर पडला.

पहिल्या बाकावर निकानोरा आजी होत्या. मोतीबिंदूने डोळे अधू, पण लाल रंग त्यांना दिसला. "रक्त!" त्या किंचाळल्या. "सान मार्तीनचं रक्त! कर्ण्यातून रक्त आलं हो!"

झालं. अख्खं गाव गुडघ्यांवर. बाया रडताहेत, पुरुष टोप्या चुरगाळताहेत, गावचे पाद्री छातीवर क्रूसाची खूण करताहेत. मास्तरांची बोटं थांबली. मागे अबुंदिओला काही कळेना. घंटा दोनदा वाजली नाही आणि ऑर्गन गप्प कसा? त्याने नळ्यांच्या फटीला डोळा लावला. खाली सगळे गुडघ्यांवर. फक्त एक बाई बाकावर ताठ बसलेली, आणि ती नेमकी त्या फटीकडे असं बघत होती, की अबुंदिओला सगळा उलगडा झाला. गार पाणी!

आता खोटं कशाला बोला, त्याच्या मनात आलं ते कोणाच्याही मनात आलं असतं. गप्प बसावं. चमत्काराचा ऑर्गन कोण उतरवतो? राजा आला तरी हात लावणार नाही. भाते राहतील, कर्णा राहील, तेओदोसियाची आजी स्वर्गात सुखी राहील. नुसतं तोंड मिटून बसायचं होतं.

एवढ्यात निकानोरा आजी उठल्या. टेबलापाशी गेल्या, रुमालाचं टोक त्या लाल थेंबात बुडवलं, आणि "बघ रे देवा, माझे डोळे," असं म्हणत रुमाल डोळ्याकडे नेला.

"आजी, डोळ्याला नका लावू!" ऑर्गनच्या पोटातून आवाज घुमला. "तिखट आहे ते!"

चर्चमध्ये अशी शांतता पसरली, की झुंबरातली एक मेणबत्ती तडतडली ती वेशीपर्यंत ऐकू गेली असेल. अबुंदिओ धडपडत जिना उतरून आला, आजींच्या हातातून त्याने रुमाल काढून घेतला आणि मान खाली घालून उभा राहिला. फादर प्राक्सेदेसांनी कागदावर बोट टेकवलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

"लसूण," ते म्हणाले. "तिखट झणझणीत. मीठ जरा कमी. कोणाच्या घरचं?"

"माझ्या, फादर," अबुंदिओ म्हणाला.

"मीठ कमी नाही!" मागून तेओदोसिया उठली. "मीठ बरोबर आहे. आणि कर्णा माझ्या आजीला सापडला. तिने चोरला नाही, जपला. चोरिसो भरायला इतका चांगला आहे, तो काय टांगून ठेवायचा?"

गावात कुजबुज सुरू झाली. फ्रेंचांचं नाव कोणी घेईना. दीडशे वर्षांत प्रथमच. फादरांनी हात वर केला. "या नरसाळ्याने आणखी कोणी कोणी चोरिसो भरलेत?"

कोणी हलेना. मग लोहाराच्या बायकोने हात वर केला. मग पिठाच्या गिरणीवालीने. मग एकामागून एक सगळ्या बाकांवरचे हात, आणि अगदी शेवटी, खांबाआडून, गावच्या पाद्र्यांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईचा. पाद्र्यांनी आपलं सगळं लक्ष छताकडे लावलं.

फादर खुर्चीत बसले, लेखणी दौतीत बुडवली आणि लाल डागाच्या बाजूने लिहायला लागले. लिहून झाल्यावर त्यांनी मोठ्याने वाचलं: "विल्यासेरीनचा ऑर्गन. पूर्ण आहे. वापरात आहे. गावातल्या प्रत्येक घराच्या. हलवता येणार नाही."

जो गलका उठला तो काय सांगू! निकानोरा आजी तर चमत्कार झालाच म्हणून पुन्हा गुडघ्यांवर गेल्या. फादर अबुंदिओकडे वळले. "भाते तू ओढत होतास? तुझा वारा एकदाही थरथरला नाही. किती वर्षं?"

"चौतीस." चौतीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

"खालून कसा वाटतो रे तुला तुझा ऑर्गन?"

"काय माहीत, फादर. मी कधी खाली नसतो."

फादरांनी वरचा झगा काढून खुर्चीवर टाकला आणि बाह्या सारल्या. "सेमिनरीत चार वर्षं शिक्षा म्हणून भाते ओढलेत मी. बस बायकोशेजारी. मास्तर, पहिल्यापासून!"

अबुंदिओ तेओदोसियाशेजारी जाऊन बसला. बाकावर कसं बसायचं असतं हेही त्याला कळेना. उजवा हात सारखा काहीतरी ओढायला वर जायचा. तिने तो धरून मांडीवर ठेवला. आणि कर्णे वाजले.

भिंतीपलीकडचं भांडण नव्हतं ते. अंगावर येत होतं, छातीत शिरत होतं, डोक्यावरून पलीकडच्या भिंतीला जाऊन परत येत होतं. हे सगळं त्याच्या खांद्यातून निघत होतं, चौतीस वर्षं, आणि त्याला पत्ता नव्हता. त्याच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, त्याने पुसलंही नाही. मधला कर्णा वाजला तेव्हा तेओदोसियाने त्याचा हात दाबला.

मग सूर थरथरला. एकदा, आणि लगेच पुन्हा.

"सासूबाई," अबुंदिओ पुटपुटला. "ढोसत नाहीत ते. गुडघा लावत नाहीत."

"बस ना खाली! जन्मात एकदा ऐकायला मिळतंय."

"ऐकलं गं. पण वारा हलतोय!" आणि तो उठलाच. आडव्या खांद्याने लोकांना बाजूला सारत, जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढत गेला.

ऑर्गन आणखी दोनदा चाचरला. मग मागे काहीतरी दणकन ढोसल्याचा आवाज आला, आणि सत्तावीसच्या सत्तावीस कर्ण्यांचे सूर सरळ झाले, ताठ, जरासुद्धा कंप नाही. निकानोरा आजींनी मान वळवून विचारलं, आता कोण ओढतंय? अबुंदिओची रिकामी जागा तेओदोसियाने हाताने झाकून ठेवली होती, कोणी बसू नये म्हणून.

"हा आमचा वारा," ती म्हणाली.